परवाना एकाचा, काम दुसऱ्याचं

प्रश्न : आमची 48 फ्लॅटची सोसायटी. मीटर रूमचं वायरिंग बदलायचं आहे. तीन कोटेशन आली, त्यातल्या सर्वांत स्वस्तवाल्यानं इलेक्ट्रिकल परवान्याचा झेरॉक्स जोडलाय, पण त्यावर नाव दुसऱ्याच फर्मचं आहे. ‘ते आमचेच’ म्हणतो. चालेल का? – सचिव, डोंबिवली

उत्तर : नाही चालणार. विजेचं काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारानंच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचं असतं. परवाना उसना घेऊन काम करणारे बरेच आहेत. उद्या मीटर रूम जळाली, तर परवानाधारक ‘मी हे काम केलंच नाही’ म्हणून हात वर करेल आणि कागदावर तो खराही ठरेल.

म्हणून झेरॉक्सवर थांबू नका. मूळ परवाना मागा आणि मुदत पाहा. मग परवाना, पॅन, जीएसटी, कोटेशन आणि बँक खातं या पाचही ठिकाणी नाव एकच आहे का, ते ताडून पाहा. चेक फक्त त्याच नावानं काढा. शंका उरली, तर परवान्याचा क्रमांक देऊन विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी विचारा. सुपरवायझरचं नाव वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या आणि प्रत्यक्ष कामावर तोच माणूस येतो का, याकडे लक्ष ठेवा.

स्वस्तात काय हरवतं, ते जोडावर दिसतं. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला (वीज वाटणारी जाड पट्टी) साध्या लगनं (केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) आवळली, की काही महिन्यांत जोड गंजतो, रोध वाढतो आणि लोड पडला की तो तापू लागतो. तिथं ॲल्युमिनियम आणि तांबं अशा दोन्ही धातूंची बायमेटॅलिक लगच हवी, आणि ती कोटेशनमध्ये वेगळी लिहिलेली असावी. काम संपल्यावर मेगरची (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) चाचणी तुमच्यासमोर होऊ द्या: 500 व्होल्ट, एक मिनिट, इन्सुलेशनचा रोध किमान 1 मेगाओहम. प्रत्येक सर्किटचं रीडिंग, अर्थिंगचं रीडिंग आणि खाली परवानाधारकाची सही-शिक्का. हा कागद हातात येईपर्यंत बिलाचे शेवटचे 10 टक्के देऊ नका. मीटरच्या सीलला मात्र कोणीही परस्पर हात लावायचा नाही. त्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो.

आणखी एक. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) 26 ते 50 सभासदांच्या सोसायटीत समितीला एका वेळी 50,000 रुपयांपर्यंतच दुरुस्ती खर्च करता येतो. हे काम त्यात बसणार नाही. आधी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, मगच वर्क ऑर्डर द्या.

प्रश्न : रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगवाल्याकडे कोणता परवाना मागायचा? – खजिनदार, पुणे

उत्तर : रंगाऱ्यासाठी वीजकामासारखा वेगळा राज्य परवाना नसतो. त्यामुळे ‘गव्हर्न्मेंट अप्रूव्हड’ असं लेटरहेडवर छापलेलं असलं, तरी कोणी, कशासाठी मान्यता दिली ते विचारा. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहा. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 27 नं होते आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचाच पॅन. नोंदणी रद्द झालेली दिसते आणि तरीही तो बिलात जीएसटी लावतो, तर तिथंच थांबा. कॉम्पोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) व्यापाऱ्यालाही बिलात कर वेगळा लावता येत नाही.

यापेक्षाही मोलाचा कागद म्हणजे कामगारांच्या अपघात भरपाईचा विमा. झुल्यावरून माणूस पडला, तर भरपाईची मागणी सोसायटीच्या दारातही येऊ शकते, आणि त्याच्या घरातल्या माणसांचं पुढं काय हा प्रश्न तर त्याहून मोठा. पॉलिसीवर तुमच्या इमारतीचा पत्ता, कामगारांची संख्या आणि कामाचा पूर्ण कालावधी आहे ना, हे वाचा. दहा जणांची पॉलिसी आणि परांचीवर अठरा जण, असं सर्रास आढळतं. रोज सकाळी गेटवर डोकी मोजायला वॉचमनला सांगा.

प्रश्न : समिती सदस्याच्या मेहुण्याचा भाव सर्वांत कमी आहे. त्याला काम देता येईल का? – सभासद, नाशिक

उत्तर : सोसायटीच्या कंत्राटात समिती सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध उपविधींना चालत नाही. त्या सदस्याला व्यवहारात वाटा असेल, तर विषय तिथंच संपला. नसेल, तर त्यांनी नातं सभेत उघड सांगून इतिवृत्तात नोंदवावं, चर्चेतून आणि मतदानातून बाहेर राहावं, आणि समितीनं निविदा पाकिटं सर्वांसमोर उघडावीत. कागदपत्रांची छाननी इतरांइतकीच कडक.