आप्पांना भेटवस्तू नको, काम सांगा

कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. ते लिहितात, 'जूनच्या तिसऱ्या रविवारी इथं फादर्स डे असतो. 2026 मध्ये तो 21 जूनला आहे आणि शुक्रवारी 19 तारखेला जूनटीन्थची, म्हणजे गुलामगिरी संपल्याच्या आठवणीची सुट्टी, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे. आप्पा कोल्हापुरात मंगळवार पेठेत असतात, वय 74. दर आठवड्याला फोन करतो. "जेवलास काय? पोरं बरी हायत न्हवं? घे, आईला देतो." अर्ध्या मिनिटात संपलं. त्यांनी एवढं केलं, पण ते बोलून कसं दाखवायचं कळत नाही. गेल्या वर्षी भारी घड्याळ पाठवलं, ते अजून खोक्यातच आहे. मुलं बारा आणि नऊ वर्षांची. आजोबांशी काय बोलायचं ते त्यांना सुचत नाही. यंदा काय करू? आणि फोनवर सुरुवात तरी कशी करू?'

घड्याळ खोक्यात राहिलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडच्या बापमाणसाला वस्तू आली की आधी तिची किंमत दिसते. पोरानं आपल्यापायी पैसे घालवले, हाच विचार त्यांच्या मनात येतो. त्यात कुरियरवाला दारात उभा असतो, ओटीपी सापडत नसतो, आणि सकाळ सगळी त्यातच जाते.

पण हा दिवस सोडून द्या असंही मी म्हणणार नाही. आपल्या पंचांगात पिठोरी अमावस्येला मातृदिन आहे, गेलेल्यांसाठी सर्वपित्री अमावस्या आहे. हयात बापासाठी तिथीच नाही. अमेरिकेत हा दिवस सुरू झाला तो एका लेकीमुळं. सोनोरा स्मार्ट डॉड तिचं नाव. आई गेल्यावर बापानं सहा भावंडांना एकट्यानं वाढवलं, म्हणून तिनं 1910 साली स्पोकेन शहरात 19 जूनला पहिला फादर्स डे घडवून आणला. ही गोष्ट तुमच्या थोरल्याला सांगा आणि ती त्यानं आजोबांना सांगू दे. आप्पांना फादर्स डे म्हणजे दुकानांतली जाहिरात वाटत असेल, तर या बापाची हकिकत त्यांना लगेच समजेल.

आता माझं सांगते. माझे वडील उद्यमनगरात लेथवर काम करायचे. रविवारी आम्हा भावंडांना सायकलवर बसवून गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्यायचे. म्हैस समोरच पिळायचे आणि धारोष्ण दुधाचा ग्लास वडिलांच्या हातातून आमच्या हातात यायचा. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. लेथवर गेली, एवढंच आम्हाला माहीत. कोणत्या साली गेली, दवाखान्यात कुणी नेलं, तेव्हा आईला काय सांगितलं, पुन्हा त्याच यंत्रासमोर उभं राहताना कसं वाटलं, यातलं मी काही विचारलं नाही. ते गेले आणि आता सांगणारं कुणी नाही. दर वर्षी मी त्यांना शर्टाचं कापड घेत होते, पण तो एक प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, आप्पा आहेत तोवर विचारा.

विचारताना मात्र नेमकं विचारा. 'आप्पा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' म्हटलं तर ते म्हणतील, 'त्यात काय सांगायचंय?' पहिला पगार किती होता आणि त्यातून काय घेतलं? खासबागेत बघितलेली कोणती कुस्ती अजून डोळ्यांसमोर आहे? 2019 च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं? पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी, हे विचारायला तर कुठलंच निमित्त लागत नाही. 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे सगळं कोल्हापूरच्या माणसाला तोंडपाठ असतं. नऊ वर्षांच्या नातवानं एवढा एक प्रश्न विचारून बघावा, आजोबा आपण होऊन बोलत राहतील.

एक बारीक गोष्ट. 'आईला देतो' याला पुष्कळदा कानही कारण असतात. स्पीकरवर चौघं एकदम बोलायला लागले की म्हाताऱ्या माणसाला निम्मं ऐकूच येत नाही, आणि सारखं 'काय? काय?' करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. एका वेळी एकानंच बोला. आईला वेगळा फोन करा, म्हणजे तीही रुसणार नाही.

आता कामाचं. आप्पांना काहीतरी शिकवायला सांगा. तुमच्याकडं शनिवारी संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा कोल्हापुरात रविवारी सकाळचे आठ झालेले असतात. रविवार म्हणजे आप्पा मटणाची पिशवी घेऊन बाहेर पडलेले असणार, नाहीतर नुकतेच परतलेले. तीच वेळ धरा. तुमच्या शेगडीवर बोकडाचं मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजायला ठेवा आणि फोन समोर उभा करा. आजोबा कोणत्या भागाचं मटण कशाला घेतात, ते थोरल्याला आणलेल्या मटणातच दाखवू देत. मग अळणी पाणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, दोन भांड्यांत घ्यायचं. एकात नारळाचं दूध, तीळ-खसखस, काजू घालून पांढरा रस्सा. दुसऱ्यात भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा-लसूण चटणी घालून तांबडा. आई मागून दुरुस्त्या सांगणारच, सांगू दे. घरी मटण होत नसेल तर मिसळीचा कट करा. मुद्दा इतकाच की त्या तासाभरात नातवाचं आजोबांवाचून अडलं पाहिजे. मधे कुणी बोललं नाही तरी चालेल, फोन तसाच सुरू ठेवा. एका स्वयंपाकघरात बसलेली माणसं तरी सारखी कुठं बोलत असतात?

आता तुमच्याकडं वळते, कारण त्या घरातला बाप तुम्ही आहात. तीन दिवसांची सुट्टी आली की आपली माणसं शुक्रवारी पाच तास गाडी हाकतात, शनिवारी मंडळातल्या चार घरांचं पॉटलक करतात आणि रविवारी थकून परततात. मुलांना बाप दिसतो तो स्टिअरिंगमागून. यंदा रविवारची सकाळ मोकळी ठेवा. मुलांनी वेळ कसा घालवायचा ते त्यांनाच ठरवू दे. काही सुचलं नाही तर सायकलचं पंक्चर काढायला शिकवा, हात काळे होऊ देत. आणि हा दिवस आखण्याचं, मुलांना कार्ड करायला बसवण्याचं ओझं सूनबाईंवर टाकू नका. त्यांचेही वडील आहेत, त्यांनाही तासभर निवांत फोन करायचा असेल.

ब्रिटन-कॅनडातल्या वाचकांचा दिवस हाच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तो सप्टेंबरचा पहिला रविवार. ज्यांचे वडील आता नाहीत, त्यांनी काकांना किंवा वडिलांच्या जुन्या मित्राला फोन करावा. आपल्याला ठाऊक नसलेले वडील त्यांना ठाऊक असतात. मी तो फोन फार उशिरा केला.

सुरुवात कशी करू, असं विचारलंयत. मटणाचा आजचा भाव विचारा. ते भाव सांगतील, मग गेल्या दिवाळीला काय होता ते, मग कुणाकडं चांगलं मिळतं ते, मग तुम्ही लहानपणी नळीसाठी भावाशी कसे भांडायचात ते. एवढ्यात आई मागून म्हणेल, 'अवो, द्या की फोन मला!' तेव्हा थोरल्यानं म्हणावं, 'आजी, थांब, अजून तांबडा व्हायचाय.'