मानधन दिलं म्हणजे इन्स्टॉलेशन त्यांचं झालं का?

प्रश्न (थोडक्यात): मी पुण्यात फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. नदीच्या प्रदूषणावर इंटरॅक्टिव्ह प्रोजेक्शनचं इन्स्टॉलेशन केलं होतं, माणूस समोर आला की कॅमेरा त्याची हालचाल टिपतो आणि भिंतीवरची नदी त्याच्या पायाशी काळी होत जाते. कॉलेजच्या प्रदर्शनात बघून एका इव्हेंटवाल्यांनी ते त्यांच्या फेस्टिवलला मागितलं. सगळं वॉट्सअ‍ॅपवर ठरलं, १५ हजार मानधन मिळालं, सेटअपसाठी मी प्रोजेक्ट फाइल दिली. नंतर तेच एका मॉलमध्ये दिसलं, माझं नाव नाही, नदी निळीशार केलेली आणि वर बिल्डरचा लोगो! ते म्हणतात पैसे दिले, आता आमचं. कॉलेज म्हणतं आमच्या लॅबमध्ये केलं म्हणून आमचं. घरचे म्हणतात सोडून दे. काय करू?

उत्तर: सोडू नकोस. तुझी बाजू तुला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे.

१५ हजारात त्यांनी तुझं काम त्या फेस्टिवलपुरतं दाखवायची परवानगी घेतली, मालकी नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी हवं, त्यावर तुझी सही हवी, आणि कुठलं काम, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या भागासाठी हे त्यात लिहिलेलं हवं. वॉट्सअ‍ॅपवर "ओके सर, फाइल पाठवते" म्हटल्याने यातलं काहीच होत नाही. फाइल हातात असणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं, हे इव्हेंटवाल्यांना माहीत नसतं असं मला अजिबात वाटत नाही.

आता ते कोर्टात काय म्हणतील तेही बघ. पैसे देऊन सांगून करून घेतलेलं पेंटिंग किंवा फिल्म असेल तर वेगळं काही ठरलेलं नसताना पहिला मालक करून घेणारा असतो, असं कलम १७ मध्ये आहे, आणि प्रोजेक्शन म्हणजे फिल्मच की असा मुद्दा ते काढतील. पण तुझं काम ते येण्याआधीच तयार होतं, त्यांनी तयार गोष्ट मागितली, त्यामुळे हे कलम त्यांच्या कामाचं नाही. म्हणूनच कॉलेजच्या प्रदर्शनाचे तारखेसकट फोटो, कॅटलॉग, इन्स्टाची तेव्हाची पोस्ट हे सगळं आत्ता गोळा कर.

कॉलेजचं म्हणशील तर तू तिथे नोकरीला नाहीस, फी भरून शिकतेस. लॅबचा प्रोजेक्टर वापरला म्हणून हक्क जात नाहीत. फक्त अ‍ॅडमिशनच्या वेळी सह्या केलेले कागद एकदा नीट वाच, काही ठिकाणी विद्यार्थ्यांच्या कामाबद्दलचं कलम बारीक अक्षरात असतं आणि त्यावर आपली सही असते.

मला सगळ्यात जास्त राग त्या निळ्या नदीचा आला. कलम ५७ प्रमाणे कलाकाराला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क आहे, आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी मोडतोड थांबवायचा पण हक्क आहे, आणि हे दोन्ही कॉपीराइट विकला तरी उरतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं होतं, शिल्प सरकारच्या मालकीचं होतं तरी २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि ५ लाख भरपाई दिली. प्रदूषणावरचं काम धुऊन पुसून बिल्डरच्या जाहिरातीला लावणं ही मोडतोडच आहे, माझ्या मते तुझा हा मुद्दा सगळ्यात जोरदार आहे.

एक कच्चा दुवा मात्र आहे. "माणूस हलला की नदी बदलते" ही नुसती कल्पना आहे आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलंय. त्यांनी सगळं नव्याने बनवलं असेल तर लढाई अवघड जाईल. तुझीच फाइल वापरून रंग बदलले असतील तर सोपी. म्हणून मॉलमध्ये जाऊन सलग व्हिडिओ काढ, पाण्याच्या लाटांचा आकार, काळं होण्याचा वेग, आवाज, अगदी तुझ्याच फाइलमधली एखादी चूक तिथे दिसते का ते बघ. कोड आणि व्हिज्युअल दोन्हीला वेगवेगळं संरक्षण आहे, कोड कायद्याने साहित्यकृतीत धरतात. मूळ फाइल्स उघडून सेव्ह करत बसू नकोस, तारखा बदलतात. कॉपी करून ठेव, मूळ हार्डडिस्क आणि चॅट असलेला फोन जपून ठेव, कारण कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा अंक-अक्षरांचा ठसा, लिहावी लागते.

कॉपीराइटचं रजिस्ट्रेशन नसलं तरी हक्क असतो, पण कलाकृती किंवा साहित्यकृती म्हणून एका कामाला ५०० रुपये फी आहे, ऑनलाइन अर्ज करून टाक, उपयोग होतो. आणि हो, टचडिझायनर या इंटरॅक्टिव्ह व्हिज्युअल बनवायच्या सॉफ्टवेअरच्या फुकट नॉन-कमर्शियल लायसन्सवर काम केलं असशील तर वकिलाला आधीच सांग, कारण मानधन घेतलंस म्हणून समोरचे ते नक्की काढतील. त्याने तुझा कॉपीराइट जात नाही, पण कोर्टात अचानक ऐकायला नको.

आधी नोटीस पाठवायची, इव्हेंटवाल्यांना आणि मॉललाही: प्रदर्शन बंद करा, फाइल परत करा, जाहीरपणे नाव द्या, भरपाई द्या. नाही ऐकलं तर कलम ६२ मुळे दावा तू राहतेस तिथल्या जिल्हा कोर्टात लावता येतो, त्यांच्या शहरात हेलपाटे नकोत. मुदत ३ वर्षांची आहे, पण तातडीचा मनाई हुकूम मागायचा तर मॉलमध्ये ते चालू आहे तोवरच मागण्यात अर्थ आहे, म्हणून परीक्षा संपायची वाट बघू नकोस. खर्चाची काळजी घरच्यांना असेल तर त्यांना सांग की विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, आधार कार्ड आणि चॅटच्या प्रिंट घेऊन याच आठवड्यात जा.