हिवाळ्यात लहान मुलांना घेऊन खडकाळ डोंगरावर एका दिवसात जाऊन येता येईल का?

जा, नक्की जा. फक्त शिखर गाठायचंच, हा हट्ट आधीच सोडा. परत फिरायची वेळ घरातून निघतानाच ठरवून टाका आणि ती मुलांनाही सांगा.

तुम्ही लिहिलंय की मुलं पाच आणि नऊ वर्षांची आहेत, वाट जाऊन-येऊन 8 किलोमीटर, चढ 600 मीटर, आणि वरचा टप्पा सगळा धोंड्यांचा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली मांडलेला हिशेब अजून वापरला जातो: साधारण दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने तुमची वाट अडीच तासांच्या थोडी वर जाते. पण हा वेग धडधाकट मोठ्या माणसांचा, तोही न थांबता. लहान मूल सोबत असलं की आम्ही तो आकडा सरळ दुप्पट करतो आणि थांबण्याचा तासभर वेगळा धरतो. म्हणजे सव्वासहा तास. हिवाळ्यातला दिवस मुळात लहान, त्यात डोंगरात सूर्य मावळायच्या बराच आधी कड्याआड जातो. धोंड्यांवरून उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्तच, कारण छोट्या पायांना प्रत्येक धोंड्यावरून हात धरून खाली घ्यावं लागतं.

आमची धाकटी सहा वर्षांची असताना एकदा आम्ही वारा लागू नये म्हणून एका मोठ्या खडकाच्या आडोशाला खायला बसलो. वारा थांबला खरा, पण तिथे ऊनही नव्हतं. चढताना मुलं घामेजली होती आणि ती थेट गार कातळावर बसली. वीस मिनिटांनी धाकटी गप्प झाली. आम्हाला वाटलं, दमली असेल. उठताना तिला जाकिटाची चेन लावता येईना, बोटं वळतच नव्हती, तेव्हा लक्षात आलं. लहान मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ती आपल्यापेक्षा लवकर गार पडतात. कोरडे कपडे, कानटोपी, गरम गोड पेय, असं सगळं करून आम्ही तिथूनच खाली फिरलो. शिखर अर्ध्या तासावर होतं. ती खेळण्या-बोलण्यात रमेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

तेव्हापासून आमचा थांबा दहा मिनिटांचा आणि उन्हात. बसायला फोमचा तुकडा, आणि थांबल्या थांबल्या, थंडी वाजायच्या आधीच, आणखी एक जाकीट. बडबडं मूल गप्प झालं, अडखळायला लागलं किंवा चेन लावता येईना, तर तिथून पुढे जाऊ नका.

आता खडकाविषयी. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. भेगेत शिरलेलं पाणी असं पुन्हा पुन्हा गोठून वितळलं की कातळ फुटतो, तुमच्या वाटेवरच्या धोंड्यांपैकी बरेच असेच सुटून आलेले असतील. सकाळचं ऊन कड्यावर पडलं की सुटे दगड धरून ठेवणारा बर्फ वितळतो आणि ते खाली येतात. म्हणून कड्याच्या पायथ्याशी किंवा घळीत विश्रांतीला बसू नका, दृश्य कितीही सुंदर असो. दुसरी भीती पातळ, पारदर्शक बर्फाची. झिरपणाऱ्या पाण्याजवळ कातळ नुसता ओला, काळसर दिसतो आणि पाय टाकला की सटकतो. असा डाग दिसला की आधी काठीने टोचून बघा. सावलीतल्या उतारावर हा बर्फ दुपारीही तसाच असतो. वाटेवर किंवा तिच्या वरच्या उतारावर जाड हिम असेल तर गोष्टच वेगळी. हिमप्रपाताची माहिती आणि जाणकार सोबत नसेल तर ती वाट मुलांना घेऊन धरू नका.

सामानात अंगालगत सुती काहीही नको, ते घामाने भिजतं आणि वाळत नाही. हातमोज्यांची जादा जोडी, प्रत्येकाला हेडटॉर्च, मोबाइल आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी अडकवा. चुकामूक झाली तर जागेवरच थांबायचं, मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून पुन्हा, हे घरीच खेळ म्हणून शिकवा. मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या की कुणीतरी ऐकलं, असं समजायचं.

आणि शिखर हुकलं तर मुलं हिरमुसतील, ही तुमची काळजी मला मनापासून कळते. आमच्या मुलींना आम्ही फुटलेल्या धोंड्यांच्या जोड्या शोधायला सांगतो: याची कड त्याच्या कडेला जुळते का? मोठी तर कधी कधी एकाच जागी रमते, पुढे चल म्हणावं लागतं.