सॅक दे, पोरी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री अकराला वाचला. तिथल्या तिथं उत्तर लिहायला घेतलं, पण चार ओळींत राग जास्त आणि मजकूर कमी झाला. म्हणून पुसून टाकलं आणि सकाळी वही काढली.

तू लिहितेस, ‘सर, चढावर मी मागं पडते. या साहसी स्पर्धेसाठी माझ्या जोडीदारणीनं दुसरी जोडीदार बघावी, असं तिला सांगून टाकू का? मला तिच्यावर ओझं व्हायचं नाही.’ आणि त्याच मेसेजात, फार काही विशेष नसल्यासारखं, हेही लिहितेस की परवा म्हैसमाळच्या चढावर तिनं दोनदा तुझी सॅक मागितली आणि तू दोन्ही वेळा ‘नको’ म्हणालीस. बाकीचा मेसेज मी सोडून दिला. झोप उडवली ती या एका वाक्यानं.

सॅक दे. मागायच्या आधी दे.

हिशेब तरी समजून घे. दोघींचा संघ म्हणजे दोघींचा मिळून वेळ एकच, आणि तो मागून येणारीचा. पुढं गेलेली फार लांब जाऊ शकत नाही. किती अंतर चालेल ते त्या त्या स्पर्धेच्या नियमात असतं, कुठं पन्नास मीटर, कुठं शंभर. एकीनं सोडलं की दुसरी कितीही ताजीतवानी असो, संघ क्रमवारीतून बाद. टप्पे वाटून घ्यायच्या स्पर्धाही आहेत. न्यूझीलंडमध्ये 1983 पासून चालणाऱ्या ‘कोस्ट टू कोस्ट’मध्ये दोघांचा संघ तसं करू शकतो. तुमच्यात मात्र सायकल, डोंगर, पाणी, सगळं दोघींनी बरोबरच करायचं. मग मला सांग, चढावर तुझी वाट बघत थांबलेल्या त्या पोरीच्या अंगातली शिल्लक ताकद जाते कुठं? बँकेत जमा होते? शेवटच्या रेषेवर तिच्या अंगात जे उरेल ते दोघींचं नुकसान. तुझी सहा किलोची सॅक तिच्या पाठीवर गेली तर ती थोडी मंदावेल, तू थोडी सुटशील आणि दोघींचं पाऊल एक होईल. नुसतं अंकगणित आहे हे.

तुझ्या आजोबांना विचार. जोडीतला एक बैल दुबळा असेल तर जुवाला नांगर बांधायच्या नाड्याची गाठ मधोमध ठेवत नाहीत, तगड्या बैलाकडं सरकवतात. दुबळ्याच्या बाजूला जू लांब राहतं आणि त्याच्या खांद्यावर ओढ कमी येते. त्या बैलाची कुणी कीव करत नाही. नांगराचं तास सरळ जावं म्हणून करतात.

आणि सॅक दिलीस की हात रिकामे ठेवू नकोस, नकाशा घे. ओझं ओढणाऱ्यानं नकाशा वाचू नये, धाप लागलेला माणूस त्याला हवं तेच वाचतो. पन्नास हजारी नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि शेजारच्या दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचा चढ, हे तुला पाठ आहे. तेवढ्यावर विसंबू नकोस. म्हैसमाळला दूरदर्शनचा टॉवर लांबून दिसतो, त्यामुळं आपल्याला सगळं कळतंय असं वाटतं. टॉवर दिसतो म्हणजे तू डोंगराच्या कुठल्या सोंडेवर आहेस ते कळलं असं होत नाही. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाहीये.

2004 चा डिसेंबर, मी नि माझा जोडीदार अशाच एका स्पर्धेत. आदल्या रात्री अवकाळी पडून गेला होता. तेव्हा कयाक, म्हणजे त्या वल्हवायच्या अरुंद होड्या, वगैरे नव्हत्या. पाझर तलावात ट्रकच्या ट्यूबा बांबूला बांधून तराफा केलेला, तो वल्हवायचा, मग सायकल, मग डोंगर. शेताच्या वाटेवर काळी माती टायर आणि फोर्कच्या मधे अशी ठासून भरली की चाक फिरेना. बाभळीच्या काटकीनं उकरायची, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायची. शेवटी दोघांनी सायकली खांद्यावर घेतल्या. त्या उचलाउचलीत माझी पाण्याची बाटली कुठंतरी चिखलात पडली. डांबरीला लागल्यावर लक्षात आलं. जोडीदाराला मी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचं उत्तर मी एकवीस-बावीस वर्षं तयार करतोय. तेव्हाचं उत्तर असं, की चूक माझी, तर तहानही माझी. चढ लागला तसा पोटरीत गोळा आला. तो मागं वळला, हात पुढं केला. ‘आण इकडं.’ मी म्हणालो, ‘ऱ्हाऊ दे, बरंय.’ आणखी वर गेल्यावर पुन्हा हात. पुन्हा ‘ऱ्हाऊ दे.’ तिसऱ्यांदा तो म्हणाला, ‘सॅक नको देऊ, नकाशा तरी दे.’ तोही दिला नाही. तोंडाला कोरड, डोकं जड, आणि मी रुबाबात बोट दाखवून सांगितलं, ही सोंड. ती सोंड नव्हतीच. भलत्याच ओढ्यात उतरलो आणि परत धारेवर यायला दोन तास गेले. चेकपॉइंटवर पोचलो तेव्हा स्वयंसेवक टेबलाचे पाय मिटत होता. कटऑफची, म्हणजे तिथं पोचायची शेवटची वेळ संपून गेली होती.

तिथं बसल्यावर त्याला माझी सॅक चाचपताना कळलं. ओरडला नाही. ‘माझ्याकडं दोन लिटर होतं की रे,’ एवढंच म्हणाला, आणि बाटली माझ्या हातात दिली. त्यानंतर आम्ही एकत्र स्पर्धा केली नाही. भांडण नाही, काही नाही. त्यानं विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

आता तू म्हणशील, सर, तुम्ही गर्विष्ठ होता. नव्हतो गं. आमच्या घरात बहात्तरच्या दुष्काळात सगळी खडी फोडायला जायची, आईच्या डोक्यावर दोन हंडे आणि कमरेला मी. ‘आपलं आपण उचलावं, दुसऱ्याच्या मानेवर टाकू नये,’ हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलं. त्यात वाईट काय होतं? त्या वेळी तेच बरोबर होतं, कारण प्रत्येकाच्या मानेवर आधीच दोन हंडे होते. तुझ्या मैत्रिणीच्या मानेवर काय आहे? काही नाही. ती मोकळ्या खांद्यानं उभी राहून तुझी वाट बघतेय. हे लिहिताना मला वाटतंय की मी तुला कमी आणि स्वतःला जास्त समजावतोय. असू दे. सॅक दे.

2014 मध्ये इक्वाडोरच्या स्पर्धेत स्वीडनच्या संघामागं एक भटकं कुत्रं लागलं होतं. वाटेत त्याला खायला घातलं, तेवढ्यावर ते चिखलातून, जंगलातून त्यांच्याबरोबर आलं. पाण्याच्या टप्प्यावर त्याला काठावर सोडून कयाक निघाल्या, तर त्यानं पाण्यात उडी टाकली आणि पोहायला लागलं. शेवटी एकानं वर ओढून घेतलं. कयाकमध्ये बसताना त्याला काडीची लाज वाटली नाही. तुझ्या नि माझ्यापेक्षा शहाणं.

दुसरी जोडीदार बघ, हे तिला अजिबात सांगू नकोस. नम्रपणा दिसतो तो, पण खरं म्हणजे तिचा निर्णय तू तिच्या वतीनं घेऊन टाकतेस. मीही चढावर तेच केलं होतं. दोन लिटर पाण्याचं काय करायचं ते त्याला ठरवू दिलं नाही.

चढावर तिनं तुला ओढावं म्हणून रबरी दोरी विकत आणू नकोस. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून तिच्या सॅकच्या खालच्या पट्ट्याला बांध, दुसरं टोक तुझ्या कमरेला. चढावर ओढ किंचित जाणवेल एवढीच ताणायची, हिसका बसला तर दोघी पडाल. याची सवय आधी करावी लागते, स्पर्धेच्या दिवशी लाज वाटते. बाकी खायचं काय, झोपायचं किती, ते तुला ठाऊक आहे, धपाट्यांवर मी दोन पानं लिहिणार नाही.

संक्रांतीला तो आला होता, माझा जोडीदार. गुडघे गेलेत त्याचे, माझेही. बाजारातून येताना माझ्या हातात उसाचे चार कांडे आणि बोरांची पिशवी. त्यानं चालता चालता हात पुढं केला.

‘ऱ्हाऊ दे,’ माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला. मला काही हसू आलं नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला दोघी गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी या. तुझी सॅक पूर्ण भरून आण, सहा किलो, वीट टाक हवं तर. मी खालीच थांबणार आहे. पहिल्या वळणाच्या आत ती तिच्या पाठीवर दिसली पाहिजे.

तुझा,
सर