रोजच्या नामजपात उत्साह टिकत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पहाटे उठून अकरा माळा करायचं ठरवलं, महिन्याभरात कंटाळा आला आणि आता माळ दिसली तरी अपराधी वाटतं. अकरा माळा म्हणजे ११८८ मणी. सांगितलं कोणी? घरातल्याच कोणी वडीलधाऱ्यांनी, पैज लावतो.

आमच्याकडेही एक थोरले काका आहेत. लिखित जपाच्या वह्या भरतात आणि आल्यागेल्याला लाखांचा आकडा ऐकवतात. संध्याकाळी देवळात हेच काका हरिपाठात डोळे मिटून ‘पुण्याची गणना कोण करी’ म्हणतात आणि घरी येऊन वही उघडतात!

मला गोडी लागली ती काकड्यात, म्हणजे कोजागिरी ते कार्तिकी पौर्णिमा रोज पहाटे देवळात होणाऱ्या भजन-आरतीत. कोजागिरी झाली की नगरकडच्या आमच्या गावात पहाटेची थंडी मरणाची. आम्ही पोरं जायचो ती नंतरच्या चहासाठी आणि समाप्तीच्या काल्यासाठी. भाव वगैरे काही नव्हता. एका विणेकरी बाबांनी हातात टाळ दिले आणि रांगेत उभं केलं. ठेका चुकला की पुढचा माणूस वळून बघायचा, तेवढ्यानंच झोप उडायची. भूपाळ्या सरून गौळणी लागल्या की पखवाजवाला लय वाढवायचा आणि पाय आपोआप पावली धरायचे. कार्तिकी पौर्णिमेला काकडा संपला तेव्हा चुकल्या-चुकल्यासारखं झालं. काका म्हणायचे, ‘हा नुसता नाच. नाम एकांतात घ्यायचं असतं.’ मग वारीत लाखो माणसं करतात ते काय? वारीच्या वाटेवरचा दिवे घाट एकट्यानं, टाळ-मृदंगाशिवाय, मणी ओढत चढून दाखवा म्हणावं.

तेव्हा आधी मोजणं बंद करा. भाव येईल तेव्हा करू, असंही थांबू नका. जवळच्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळी हरिपाठ असेलच. ज्ञानदेवांचे २७-२८ अभंग, तासाच्या आत आटोपतात. रोज जमलं नाही तर एकादशीला तरी जा. पहाटेचा हट्ट सोडा, नोकरीवाल्या माणसाला झोप हवी असते.

गुरूंनी अनुग्रह देताना संख्या नेमून दिली असेल तर मात्र माझं ऐकू नका, त्यांनाच विचारा. काहींना एकांतच मानवतो हेही खरं, पण त्यांना असा प्रश्न सहसा पडत नाही. परगावी-परदेशी असाल तर निदान मोठ्यानं, चालीत म्हणा. मंदिरात सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, चाल येणार नाही, टाळ मागेपुढे वाजेल. शेजारच्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचं, सगळे तसेच शिकलेत.