वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची व्यायामशाळा पुरेशी पडते का?

पदव्युत्तर शिक्षणासाठी तुम्ही बडोद्याला येणार आहात, वसतिगृहात राहणार आहात, वजने कधी उचललेली नाहीत, आणि विद्यापीठाच्या आवारातली व्यायामशाळा जुनी असल्याचे कानावर आल्यामुळे बाहेरच्या जिमचे वर्षभराचे पैसे भरावेत का, असे तुम्ही विचारले आहे. मी याच शहरात शिकलो, तेव्हा आवारातलीच व्यायामशाळा वापरली, आणि नोकरी लागल्यापासून बाहेरच्या जिममध्ये जातो. दोन्हीकडचा अनुभव असल्याने सांगतो, की निदान पहिल्या वर्षी तरी बाहेर पैसे भरू नका.

साधने जुनी आहेत की नवी, हा मुद्दा नवशिक्यासाठी गौण आहे. रॉड आणि प्लेट्स, एक बाक, स्क्वॉटसाठी (खांद्यावर रॉड घेऊन मारायच्या बैठकांसाठी) स्टँड, डंबेल्स आणि लटकण्यासाठी बार एवढे असले, की पहिल्या दोन वर्षांचे काम भागते. व्यायाम टिकतो की सुटतो हे ठरते ते वाटेवर. वसतिगृह फतेगंजला आणि जिम रेल्वेच्या पलीकडे अलकापुरीत, अशी व्यवस्था जुलैच्या पावसात आणि मे महिन्याच्या चाळीस अंशांच्या उन्हात फार दिवस चालत नाही; उलट विभागातून खोलीवर जाताना मधेच लागणारी व्यायामशाळा टाळायला कारण शोधावे लागते. शिवाय दिवाळी, उन्हाळी सुट्टी आणि परीक्षेचे आठवडे वजा केले, तर वर्षाच्या पॅकेजमधले बरेच महिने तुम्ही गावी किंवा ग्रंथालयात असता, आणि तेवढे पैसे फुकट जातात.

वेळ मात्र नीट निवडावी लागते. संध्याकाळी खेळाडूंचे संघ सरावानंतर आत येतात, तेव्हा एका बाकामागे चौघे उभे असतात आणि नवख्या मुलाला नुसते संकोचानेच परत फिरावेसे वाटते. सकाळी दार उघडल्या उघडल्या जाणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल, तर बंद होण्याआधीचा तास बरा. शारीरिक शिक्षणाच्या सरांना कमी गर्दीची वेळ सरळ विचारून घ्या, आणि पहिले काही दिवस स्क्वॉट व डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभे राहणे) करताना पाठ पाहायला त्यांनाच सांगा. बाहेर याच कामाचे ‘पर्सनल ट्रेनिंग’ म्हणून वेगळे पैसे घेतात. कोणी स्टँड अडवून बसले असेल, तर ‘केटला सेट बाकी छे?’ (सेट म्हणजे न थांबता केलेल्या आवृत्त्यांची एक फेरी; अशा किती उरल्या?) असे विचारून त्याच्या दोन सेटच्या मधे आपला सेट करण्याची पद्धत सर्वत्र आहे, त्यात कोणाला गैर वाटत नाही. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणे झोपून रॉड छातीवरून वर ढकलताना, मात्र एकट्याने कधीही वजन वाढवू नका. ‘भाई, जरा सपोर्ट आपजो ने’ म्हटले, की ओळख नसलेला मुलगाही डोक्याशी येऊन उभा राहतो. माझ्या गुजराती बोलण्याची सुरुवात खरे तर तिथेच झाली.

जुन्या साधनांची एक गोष्ट मात्र समजून घेतली पाहिजे. पूर्ण लांबीचा ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो, पण जुन्या व्यायामशाळांत आखूड आणि बारीक रॉडही असतात आणि त्यांचे वजन निम्म्यापेक्षाही कमी असू शकते. प्लेट्सचेही तसेच आहे. रंग उडालेल्या प्लेटवर बोट फिरवून पाहिले, तर २५ या आकड्याखाली कधी ‘केजी’ उठून लागते, तर कधी ‘एलबी’, म्हणजे पौंड. २५ पौंड म्हणजे साधारण ११.३ किलो. एका बाजूला किलोची आणि दुसऱ्या बाजूला पौंडाची प्लेट चढली, तर रॉड स्टँडवरून उचलताच एकीकडे कलंडतो आणि खांदा किंवा मनगट दुखावते. म्हणून दोन्हीकडच्या प्लेट्स वाचूनच चढवाव्यात, आणि वहीत वजन लिहिताना कोणता रॉड वापरला तेही लिहावे. नाहीतर पुढच्या आठवड्यात ताकद वाढली की रॉड बदलला, हेच कळत नाही.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, पुरतो. स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणे), खांद्यावरून वर ढकलण्याचा प्रेस आणि डेडलिफ्ट यांतले दर वेळी तीन प्रकार घ्यावेत, आणि ठरलेल्या आवृत्त्या स्वच्छ झाल्यावरच दोन-अडीच किलो वाढवावे. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद भराभर वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना कामाला लावायला शिकते म्हणून. आरशात फरक दिसायला वेळ लागतो. परीक्षेच्या काळात आठवड्यातून एक-दोन दिवस, पण नेहमीच्याच वजनाने केले, तरी कमावलेली ताकद टिकते.

इथल्या मराठी घरांत ‘जिम कशाला हवी, दंड-बैठका मारा’ असे ज्येष्ठ मंडळी हमखास सांगतात. सयाजीराव महाराजांनी आखाड्यांना आश्रय दिलेल्या, आणि व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे नाव आजही आदराने घेणाऱ्या या शहरात ते स्वाभाविक आहे. त्यांचे म्हणणे बरेचसे खरेही आहे: दंडांनी छाती, खांदे आणि दंड तयार होतात, बैठकांनी मांड्या. मात्र या जोडीत ओढण्याचा व्यायाम नाही, आणि दिवसभर पुस्तकावर वाकणाऱ्याला पाठीचा वरचा भाग बळकट करण्याची गरज सर्वांत जास्त असते. मल्लखांबात ती उणीव भरून निघते, परंतु तो गुरूशिवाय शिकता येत नाही. खोलीत दंड-बैठका आणि व्यायामशाळेत पुलअप्स (बारला लटकून अंग वर ओढणे) व रोइंग असा मेळ मला चांगला वाटतो.

मेसच्या जेवणाची काळजी करा, प्रोटीन पावडरची नको. गोडसर पातळ डाळ, कढी, भात आणि फुलके यांनी पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात. सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. वजने उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत घेण्याचा उपयोग होतो, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९६ ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून साधारण १६ ग्रॅम आणि ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून १५ ग्रॅम मिळतात. त्यांना फुटाणे आणि दह्याची जोड द्यावी. वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून मेसच्याच भाजीत घातल्या, तर वेगळी शेगडी लागत नाही.

पहिल्या दिवशी मित्रांच्या ईर्षेने शंभर-दोनशे बैठका मारू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणे नेहमीचे आहे, पण स्नायू प्रचंड सुजले आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फाटलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

जुनी दुखापत असून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करायचा असेल, किंवा प्रयोगशाळेतले काम रोजच व्यायामशाळा बंद होईपर्यंत चालत असेल, तर बाहेरची जिम जरूर बघा. तरीही वर्षाचे नव्हे, महिन्याचे पैसे भरा.