अमेरिकेतील सरकारी मिडल स्कूलचे सरासरी गुण कमी असतील, तर ती शाळा वाईट समजावी का?

नाही, सहावी ते आठवीच्या शाळेत मुले कोणत्या परिस्थितीतल्या घरांतून येतात हे सरासरी गुणांवरून बरेच कळते, पण तिथे शिकवतात कसे हे फारसे कळत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातील तिसरी ते आठवीच्या परीक्षांचे निकाल तपासले, तेव्हा सरासरी गुण आणि कुटुंबांची आर्थिक स्थिती यांचा घट्ट संबंध दिसला, मात्र वर्षागणिक होणाऱ्या प्रगतीशी त्या स्थितीचा संबंध बराच सैल निघाला. शिकागोत बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय व लॅटिनो, गरीब घरांतली; तिसरीत ती राष्ट्रीय सरासरीच्या बरीच मागे होती, तरी २००९ ते २०१४ या पाच वर्षांत त्यांनी सुमारे सहा इयत्तांइतकी मजल मारली, आणि हे श्रेय शाळांना मिळायलाच हवे. म्हणून राज्याच्या शालेय अहवालात प्रगतीचा, म्हणजे ‘ग्रोथ’चा, रकाना आधी पाहावा. मात्र मोफत जेवण घेणाऱ्या मुलांच्या टक्केवारीवरून शाळेतली गरिबी जोखू नये, कारण २०१४पासून देशभर खुल्या झालेल्या तरतुदीनुसार अनेक शाळा घरोघरच्या उत्पन्नाचे अर्ज न मागवता सर्वच मुलांना मोफत जेवण देतात.